रेवाचं हेल्मेट

महाल, नागपूर

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तान्ह्या पोळ्याला आमची रेवा यंदा ‘आयर्न मॅन’चं चिलखत घालून लाकडी नंदी घेऊन निघणार आहे. २००८ साली तो सिनेमा बघून आलो तेव्हा आपण रात्रभर त्या मुखवट्याबद्दलच बोलत होतो, आठवतं? आता भाचीचा हुकूम आहे, “मामा, बोजारा (खाऊचे पैसे) मागताना बटण दाबलं की तोंड उघडलं पाहिजे.” आणि खरं सांगू, तिच्यापेक्षा मलाच जास्त हौस आहे.

हेल्मेट ईव्हीए फोमचं केलंय. हीट गनने तापवून गोलाई दिली आणि चपलांच्या सोल्युशनने जोडलं. थ्रीडी प्रिंट सुबक दिसलं असतं, पण पोट्टीच्या मानेवर ते वजन नको. शिवाय पीएलए, म्हणजे प्रिंटचं प्लास्टिक, साठेक अंशांना मऊ पडतं. आपल्याकडे बंद गाडीत ठेवलं तर वाकायचंच.

खरी गंमत बिजागरीत आहे. सगळे विचारतात मोटर कोणती, पण कानाजवळ साधा खिळा ठोकून मुखवटा फिरवला तर त्याची वरची कड कपाळावर घासते. त्याला आधी बोटभर पुढे यावं लागतं, मगच वर जाता येतं. म्हणून दोन्ही बाजूंना एक लांब, एक आखूड अशा दोन-दोन दांड्या घेतल्या. पुठ्ठ्यावर टाचण्या लावून त्या फिरवत बसलो होतो. एक टाचणी जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी सरकवली आणि कड कपाळाला न शिवता अलगद वर गेली. मी आईला हाक मारून ते दाखवलं!

बर्डीवरून एमजी९० सर्व्हो आणले, म्हणजे सांगू तेवढ्याच कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरी, धातूच्या गिअरच्या. समोरासमोर बसवल्यामुळे एकाला शून्याकडून नव्वदकडे, तर दुसऱ्याला एकशेऐंशीकडून नव्वदकडे फिरवायचं. मुखवटा अर्ध्या वाटेत आडवा येतो तिथं सगळ्यात जास्त जोर लागतो, म्हणून तो पातळ फोमचाच ठेवलाय. सर्व्होंना वेगळी बॅटरी दिली आहे. त्यांना हुकूम देणाऱ्या आर्डुइनो सर्किट बोर्डाच्या पाच व्होल्टच्या पिनवरून त्यांना चालवलं तर सुरू होताना इतका करंट ओढतात की आर्डुइनोच रीसेट होतो. निगेटिव्ह मात्र दोघांचं एकच. मुखवटा वर पोचून चुंबकाला चिकटला की सिग्नल बंद करतो, नाहीतर लेकराच्या कानाशी सारखी कुरकुर चालू राहते.

एक गोष्ट मी ठाम ठरवली आहे: बॅटरी संपो की वायर तुटो, रेवाला ते आतून एका हाताने उघडता आलंच पाहिजे. म्हणून सर्व्हो आणि दांडीच्या मधला सांधाही चुंबकाचाच केलाय. जोराने ढकललं की सुटतो.

पुठ्ठ्याच्या दांड्या मिरवणुकीत टिकायच्या नाहीत. तुझ्या भोसरीच्या वर्कशॉपमध्ये दोन मिमी अॅल्युमिनियमच्या चार कापून दे ना. मापाचा कागद सोबत जोडलाय. भोकं तीन मिमीची, आणि कडा चांगल्या घासून घे, तिचा हात आत जातो. पार्सल पोळ्याच्या आठवडाभर आधी तरी यावं, कारण पावसात रंग वाळायला वेळ लागतो. रजा मिळाली तर स्वतःच घेऊन ये, बडग्या-मारबतची मिरवणूक पण बघू.

काकूंना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत