मोठ्या फोटोला काच कशाला?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की आमच्याकडे शाळांची स्नेहसंमेलनं, ग्रंथालयांचे वार्षिकोत्सव, जत्रा सुरू होतात आणि त्यांच्यामागोमाग फोटोंची प्रदर्शनं. कुणी सिंधुदुर्ग किल्ला लावतो, कुणी दशावतार. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हापासून कुडोपी, बारसू, कशेळीच्या सड्यांचे फोटोही वाढलेत. मालवणात माझं फ्रेमचं दुकान आहे. मंडळाची पोरं आधी माझी पायरी चढतात आणि २ बाय ३ फुटांच्या फोटोला काच-फ्रेमचा भाव ऐकला की तशीच उतरतात. पुढचं ठरलेलं असतं. फोटो लहान होतात, नाहीतर सगळे मिळून एका फ्लेक्सवर कोंबले जातात. कशेळीचा हत्ती कातळावर अख्ख्या घराएवढा पसरलाय आणि प्रदर्शनात तो वहीच्या पानाएवढा!

हे पत्र माझ्याच गल्ल्याच्या विरोधात जाणारं आहे, तरी लिहितो. चार-आठ दिवसांच्या प्रदर्शनातल्या मोठ्या फोटोला काच लागत नाही. २ बाय ३ फुटांची ४ मिलिमीटर जाडीची नुसती काचच साडेपाच किलो भरते. त्याच मापाची ५ मिलिमीटरची पीव्हीसी सनबोर्ड शीट दीड किलोच्या आसपास. शिवाय आपल्या दमट हवेत फोटो काचेला टेकला तर त्याचा वरचा थर काचेला धरतो, आणि सोडवताना नेमका चेहऱ्यावरचा पापुद्रा निघतो. आषाढ-श्रावणात अशा फ्रेमा माझ्याकडे येतच असतात. मुंबईहून करून आणलेल्या, दिसायला झकास, पण काच आणि फोटो यांच्यात माउंटची, म्हणजे फोटोभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची, फट ठेवलेली नाही. तरीही गिऱ्हाईक म्हणतं, ‘काच नाय तर तो फोटो कसलो?’ बाराव्याला लावायच्या फोटोपुरतं ते ठीक आहे. तो वर्षानुवर्षं भिंतीवर राहायचा असतो.

आता सनबोर्डाबद्दल. या नावाखाली बाजारात दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एक अख्खी प्लास्टिकची. दुसरीत मधे फोम आणि दोन्ही बाजूंना कागद. दुसरी हलकी असते, कापायला सोपी, घाटावर बरी चालते. पण तिचा कागद पाणी पितो, आणि आमच्याकडे जुलैपर्यंत ती भाजलेल्या पापडासारखी वळते. घेताना कापलेली कड बघा, कागदाचा थर लगेच दिसतो. किनाऱ्यावर प्लास्टिकचीच घ्यावी. १२ बाय १८ इंचांपर्यंत ३ मिलिमीटर पुरते, २ बाय ३ फुटांना ५ हवी. तुकडे विकत घेण्यापेक्षा ८ बाय ४ फुटांची पूर्ण शीट घ्या. तिच्यात २ बाय ३ चे पाच तुकडे बसतात: चार उभे, उरलेल्या २ बाय ४ च्या पट्ट्यातून पाचवा आडवा. पोरं बहुधा चारच काढतात आणि पट्टा फुकट घालवतात. करवत लागत नाही. लोखंडी पट्टी धरून कटरची दोन-तीन ओढ मारली की शीट मोडते.

फोटो चिकटवायचा कसा, यावर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. तात्पुरत्या प्रदर्शनाला साइनबोर्डवाल्याकडून थेट विनाइलवर, म्हणजे स्टिकरसारख्या प्लास्टिकच्या पातळ शीटवर, प्रिंट काढून घ्यावी, मागे गोंद लागलेलाच येतो. प्रिंट एक दिवस मोकळी सुकू द्यावी, मगच वर लॅमिनेशन. आणि लॅमिनेशन मॅट सांगा, ग्लॉसीवर हॉलमधली ट्यूबलाइट दिसते, फोटो दिसत नाही. लावताना दोघं जण लागतात. मागचा कागद वरच्या कडेला दोन इंच सोलून दुमडायचा, फोटो मापात बसवून तेवढीच कड दाबायची, मग एकाने खालून कागद हळूहळू ओढायचा आणि दुसऱ्याने मऊ फडक्याने मधून बाहेर दाबत यायचं. पूर्ण कागद एकदम सोलला की फोटो गेलाच म्हणून समजा. बुडबुडा राहिला तर बारीक टाचणी तिरकी टोचून हवा काढा. आणि त्या वेळी पंखा बंद, नाहीतर धूळ आत बसते.

फोटो लॅबच्या कागदावरच हवा असेल तर दोन्ही बाजूंनी चिकटणारी गमिंग शीट वापरा, पद्धत हीच. फेव्हिकॉल नको. लॅबच्या कागदाला दोन्ही अंगांनी प्लास्टिकचा थर असतो, खाली बोर्डही प्लास्टिकचा. गोंदातलं पाणी जाणार कुठे? आठवड्यानेही मधे ओलंच सापडतं.

साध्या कागदावरची प्रिंट हार्डबोर्डवर लावायची असेल तर बायंडरांची जुनी खळ, म्हणजे पिठाची शिजवलेली चिकी, अजूनही सर्वांत स्वस्त. किडीसाठी तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी आहे, पोरांच्या हाती देऊ नका. ओला कागद फुगतो, सुकताना आवळतो आणि बोर्डाला आपल्याकडे ओढतो. म्हणून मागच्या बाजूलाही तसाच कागद त्याच वेळी चिकटवायचा, म्हणजे दोन्हीकडून ताण सारखा येतो. घरच्या प्रिंटरची शाई मात्र खळीने फुटू शकते, आधी एक तुकडा करून बघा.

ग्रंथालयात कायमचं लावायचं असेल तर दुकानांच्या पाट्या करणाऱ्यांकडे जा. त्यांच्याकडे एसीपीचे (ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेलचे) तुकडे पडून असतात, बऱ्याचदा भंगाराच्या भावाने मिळतात. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यामुळे वाळवी नाही, वाकणं नाही. मोठ्या लॅबवाले महागड्या माउंटिंगला हाच माल वापरतात.

टांगताना बोर्डाच्या मागे अर्ध्या इंचाच्या दोन लाकडी पट्ट्या लावाव्यात. जांभ्याची भिंत पावसाळाभर ओल धरते, बोर्ड तिला टेकता कामा नये. लोखंडी खिळे आणि तार खाऱ्या वाऱ्यात गंजून भिंतीवर ओघळ सोडतात. पितळी स्क्रू घ्या आणि बंदरावर मिळणारी तंगूस, म्हणजे मासे पकडायची नायलॉनची दोरी. चांगल्या जाड तंगुसाला दीड-दोन किलो म्हणजे काहीच नाही, आणि लांबून ती दिसत नाही.

आणि यातलं काहीही मूळ फोटोवर करू नये. गावच्या जुन्या नाटकमंडळीचा एकुलता एक फोटो कुणी गमिंगवर चिकटवला तर तो परत निघत नाही. स्कॅन करा, मोठी प्रत काढा, ती चिकटवा. मूळ फोटो कोपरे लावून कपाटात सुटा ठेवा. प्रदर्शन संपल्यावर विनाइल हेअर ड्रायरने गरम करून सोललं की बोर्ड पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येतो. प्लास्टिकच आहे ते, दरवर्षी समुद्रावर नेऊन टाकायला नको.

– एक फ्रेमवाला, मालवण