मोडेम मुकाच बरा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मोडेमवरच्या हल्ल्याचा लेख वाचला. जुलै २०१७च्या शेवटी देशात हजारो ब्रॉडबँड मोडेम एकाएकी बंद पडले, कारण कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललेलाच नव्हता. इथवर लेख ठीक आहे. पण शेवटच्या चौकटीत वाचकांना सल्ला दिलाय की ‘चांगला पाच-सहा हजारांचा वायफाय मोडेम घ्या आणि निर्धास्त व्हा.’ तो वाचून हे पत्र लिहायला बसलो.

मी १९७५ साली डाक-तार खात्यात लागलो आणि २००९ला टेलिफोन मेकॅनिक म्हणून निवृत्त झालो. उमेदीची वर्षं खांबावर आणि खड्ड्यात गेली. कॉम्प्युटर हा माझा प्रांत नव्हे. पण पुण्याचा भाचा नेटवर्किंगचं काम करतो, त्याने चार वर्षांपूर्वी नाद लावला. तेव्हापासून घरचं इंटरनेट जुन्या कॉम्प्युटरच्या फायरवॉलमधून येतं. पीएफसेन्स नावाची प्रणाली आहे, फुकट मिळते. कॉम्प्युटरला दोन नेटवर्क कार्डं लागतात, एक मोडेमकडे आणि एक घराकडे. दुसरं कार्ड अडीचशे रुपयांत जुनं मिळालं. काय आत येईल, काय बाहेर जाईल, ते फायरवॉल, म्हणजे ही पेटी, ठरवते.

एवढी पेटी घरात असेल तर मोडेमच्या अंगी शहाणपण कशाला हवं? मोडेमचं मूळ काम एकच. तांब्याच्या तारेवरून येणारे सिग्नल ओळखायचे आणि पलीकडे इथरनेटच्या वायरीत सोडायचे. वायफाय, पालकांसाठीचं कुलूप, मोबाईलवरचं ॲप, चार अँटेना हा सगळा वरचा साज. फायरवॉल असलेल्याने या साजाचे पैसे भरणं म्हणजे घरात विहीर असताना टँकर मागवणं. मी मोडेमला ‘ब्रिज’ करून ठेवतो. मग तो स्वतः इंटरनेटला लॉगिन करत नाही, नाव आणि पासवर्ड फायरवॉल देते. बाहेरचा पत्ताही फायरवॉललाच मिळतो. बाहेरून कोणी दार ठोठावलं तर ते पेटीचं दार असतं, मोडेमचं नव्हे. आमच्या वाडीत जुलैत दोन घरचे मोडेम गेले. माझा ढिम्म उभा होता. त्यात माझी हुशारी काही नाही, तो बिचारा मुका होता म्हणून वाचला.

महागडा मोडेम सुरक्षित असतो, हा समज तर काढूनच टाकावा. डिसेंबर २०१४मध्ये मोडेम-राउटरच्या आतल्या ‘रॉमपेजर’ नावाच्या छोट्या वेबसर्व्हरमधलं मोठं भोक उजेडात आलं होतं. जगभरातली सव्वा कोटीच्या आसपास यंत्रं त्याच्या कचाट्यात होती. गंमत अशी की मूळ कंपनीने ती चूक २००५मध्येच दुरुस्त केली होती, पण यंत्रं बनवणारे नऊ वर्षं जुनीच प्रत भरत राहिले. खोक्यावरच्या किमतीवरून आतली प्रत ताजी की शिळी, हे कळत नाही.

आता खोक्यावरच्या आकड्याविषयी. दुकानदार ‘२४ एमबीपीएस’ दाखवतो आणि गिऱ्हाईक भुलतं. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट देण्याच्या एडीएसएल टू प्लस या पद्धतीत तो आकडा कागदावर खरा आहे. पण तारेचं गणित असं की बोलण्याचा आवाज चार किलोहर्ट्झच्या आत असतो आणि इंटरनेट त्याच्या वर, साधारण पंचवीस किलोहर्ट्झपासून सुरू होतं. जुन्या एडीएसएलमध्ये ते १.१ मेगाहर्ट्झपर्यंत जायचं, टू प्लसमध्ये २.२पर्यंत जातं. फ्रीक्वेन्सी जितकी चढी, तितकी ती तारेत लवकर विरते. एक्स्चेंजच्या दारात राहणाऱ्याला वरच्या पट्टीचा फायदा होतो. माझं घर केबलच्या वाटेने तीन किलोमीटरवर आहे. इथे वरची अर्धी पट्टी पोचेपर्यंत मेलेली असते. माझ्या मोडेमचं पान अटेन्युएशन (सिग्नल वाटेत किती विरला ते) ४१ डीबी दाखवतं आणि लाईन सात एमबीपीएसच्या आसपास जुळते. सोन्याचा मोडेम लावला तरी आठ होणार नाही. व्हीडीएसएल या आणखी वरच्या पट्टीच्या पद्धतीचा मोडेम तर आमच्या गावी नुसता शोभेचा. एक्स्चेंजमधलं पोर्ट कोणत्या जातीचं आहे, हे आधी विचारावं.

मग निवडायचं कशावरून? मी तीन गोष्टी पाहतो. सेटिंगच्या पानावर कनेक्शनच्या प्रकारांत ‘ब्रिज’ आहे का. लाईनच्या, म्हणजे डीएसएलच्या, पानावर अटेन्युएशन, एसएनआर मार्जिन (लाईन टिकायला लागतो त्याहून सिग्नल किती वरचढ आहे ते) आणि चुकांची मोजणी दाखवतो का, कारण हे आकडे नसतील तर मोडेम म्हणजे डोळे बांधलेला बैल. तिसरं, खोक्यातला ॲडॅप्टर नेहमीच्या व्होल्टचा आहे का, म्हणजे जळला तर तालुक्याला दुसरा मिळेल. टीपी-लिंकचा टीडी-८८१७ हा एक इथरनेट आणि एक यूएसबी पोर्टचा मोडेम मी नऊशे रुपयांना घेतला आणि माझं भागतं. डी-लिंकचा डीएसएल-२५२०यू त्याच जातीचा. शेजाऱ्यांचे आणखी दोन मोडेम मागून आणून दोन-दोन दिवस लावून पाहिले. लाईन जुळण्यात अर्ध्या एमबीपीएसचा फरक पडला. त्या अर्ध्यासाठी हजार रुपये जास्त कोण मोजेल?

सुरुवातीला मीही चुका केल्या, त्या सांगून टाकतो. पहिला मोडेम फक्त यूएसबीचा आणला. घरातल्या विंडोजच्या कॉम्प्युटरवर तो चालला, फायरवॉलने त्याला ओळखही दाखवली नाही. तीच गत कॉम्प्युटरच्या आत बसणाऱ्या डीएसएल कार्डांची. इथरनेटशिवाय दुसरं काही घेऊच नये. मग नवा आणला, तर मोडेमचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि पीएफसेन्सचा स्वतःचा पत्ताही तोच. एका घरात दोन यजमान. संध्याकाळभर दोघं भांडत बसले आणि मी मोडेमला शिव्या देत बसलो. आता मोडेमचा पत्ता १९२.१६८.१००.१ करून ठेवलाय आणि त्याचं घरातल्या यंत्रांना पत्ते वाटण्याचं काम बंद केलंय. फायरवॉलच्या मोडेमकडच्या कार्डाला त्याच मालिकेतला एक जादा पत्ता दिलाय, म्हणजे ब्रिज असूनही लाईनचे आकडे बघता येतात. तिसरी अडचण आठवडाभर उमगली नाही. काही साइट झटकन उघडत, बँकेची मात्र अर्धी उघडून लटकायची. भाच्याने फोनवर सांगितलं, पीपीपीओई ही लॉगिनची पद्धत प्रत्येक पाकिटातले आठ बाइट स्वतः खाते, म्हणून फायरवॉलमध्ये पाकिटाचं कमाल माप १५०० नव्हे, १४९२ लिहा. लिहिले. बँक उघडली.

पण स्वस्त मोडेमचं माझं खरं कारण वेगळंच आहे, ते म्हणजे आकाशातली वीज. कोकणात मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात आकाश कसं कडाडतं, ते मी लिहायला नको. वीज खांबावर पडायचीही गरज नाही, जवळपास पडली तरी तारेतून झटका घरात येतो. पूर्वी जुना काळा फोन तो पचवायचा. मोडेमचं काळीज नाजूक. चार वर्षांत माझे दोन मोडेम गेले, पण मागची पेटी दोन्ही वेळा शाबूत राहिली, कारण झटका पहिल्याने घेतला. सहा हजारांचं सर्वगुणसंपन्न यंत्र थेट टेलिफोनच्या तारेला जोडणारा माणूस शेताच्या बांधावर तिजोरी ठेवतो. माझ्या माळ्यावर तसलाच एक मोडेम सेटिंग करून तयार असतो. व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३५ हे आमच्या लाईनसाठी मोडेममध्ये भरायचे आकडे त्याच्या पोटाखाली चिकटपट्टीवर लिहिलेत. एक गेला की पाच मिनिटांत दुसरा. सौ.सुद्धा बदलते. गडगडू लागलं की आधी टेलिफोनची पिन काढते, मग वाळत घातलेले कपडे.

जळलेल्यांपैकी एक वायफायचा होता, टेलिफोन कंपनीनेच दिलेला. त्याचं डीएसएलचं तोंड मेलं, बाकी जिवंत. त्याचं पत्ते वाटणं बंद करून फायरवॉलच्या मागे लावलाय. घरभर वायफाय तोच देतो. असे मोडेम लोक भंगारात टाकतात, तेव्हा जीव तुटतो.

पेटीविषयी थोडकंच. पहिली दोन वर्षं जुना डेस्कटॉप रात्रंदिवस चालवला. मीटर लावून पाहिलं तर ६२ वॅट खात होता, म्हणजे महिन्याला जवळपास ४५ युनिट. आता ॲटम प्रोसेसरचा छोटा बोर्ड आहे, २२ वॅटवर भागतं. कोणी नवीन करणार असेल त्याने ६४ बिटचाच घ्यावा. पीएफसेन्स २०१७च्या २.४ आवृत्तीपासून ३२ बिटवर चालत नाही.

मोडेममध्ये वाचलेले पैसे तारेवर घाला, हे मात्र जुन्या मेकॅनिकचं ऐका. दहांपैकी आठ तक्रारींत दोष मोडेमचा नसतो. डीपीपासून, म्हणजे खांबावरच्या जोडणीच्या डब्यापासून, घरापर्यंतची वायर तीन ठिकाणी पीळ घालून जोडलेली, जोड हिरवे पडलेले, त्यावर माडाची झावळ घासते. घरात एक पॅरलल फोन स्प्लिटरच्या (फोन आणि इंटरनेट वेगळं करणाऱ्या डबीच्या) अलीकडून घेतलेला, तोही विसरलेला. फोन उचलला की खरखर आणि इंटरनेट गायब. माझ्या लाईनचं एसएनआर मार्जिन उन्हाळ्यात १२ असतं आणि पहिल्या सरीला ५वर यायचं. सहाच्या खाली गेलं की लाईन तुटायला लागते. मोडेम बदलून काही झालं नाही. शेवटी पंचवीस मीटर नवी ड्रॉप वायर अखंड ओढली, स्प्लिटर मीटरच्या खोलीतच बसवला, तिथून मोडेमपर्यंत वेगळी जोडी नेली. आता मुसळधार पावसातही नऊच्या खाली जात नाही. वायर, स्प्लिटर, खिळे धरून चारशे रुपयांच्या आत काम झालं. मजुरी घरचीच, वय ६८ आणि शिडी शेजाऱ्याची.

गणपती तोंडावर आलेत. मुंबईची पंधरा-सोळा माणसं उतरतील आणि देवाच्या पाया पडायच्या आधी वायफायचा पासवर्ड विचारतील. त्यांच्या मोबाईलमध्ये काय काय भरलेलं असतं, देव जाणे. त्यांच्यासाठी पेटीत वेगळी वाट केली आहे, तिथून घरचा कॅमेरा आणि सुनेचा हिशेबाचा कॉम्प्युटर दिसत नाही. सात एमबीपीएसमध्ये एवढ्यांचं भागायचं, म्हणून आरतीच्या वेळी व्हिडिओ बंद करायचा नियमही पेटीतच घातलाय. पोरं कुरकुरतात.

तेव्हा विनंती एवढीच की त्या चौकटीतली दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी. ज्याच्याकडे स्वतःची फायरवॉल आहे त्याला ब्रिज होणारा, लाईनचे आकडे दाखवणारा स्वस्तातला मोडेम पुरतो. ज्याच्याकडे नाही त्याने आहे त्याच मोडेमचा पासवर्ड आज बदलावा, त्याला एक पैसाही पडत नाही. जागा असेल तर स्प्लिटरची जोडणी दाखवणारी छोटी आकृतीही द्यावी. मी हाताने काढलेली सोबत पाठवली आहे, रेषा जरा वाकड्या आहेत.

आपला,
एक निवृत्त टेलिफोन मेकॅनिक
देवरुख, जि. रत्नागिरी
१० ऑगस्ट २०१७