पैसा कांदाचाळीत घाला, कागदावरच्या बागेत नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी शेजाऱ्यांच्या आग्रहाने वाशीतल्या एका सभागृहात गेलो होतो. विषय होता ‘शेतीत गुंतवणूक’. चहा-बिस्किटे झाली, पडद्यावर चंदनाची हिरवीगार रोपे दिसली आणि अर्ध्या तासात गाडी ‘दहा गुंठे घ्या, आम्ही सांभाळू, दहा वर्षांत पैसे पाचपट’ इथवर आली. पुढच्या रांगेतल्या एक निवृत्त शिक्षिका मन लावून वहीत आकडे उतरवून घेत होत्या. त्यांना पाहून मला आमचे आप्पा आठवले, म्हणून हे पत्र.

आप्पा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. पाठीवर पोती वाहून साठवलेल्या पैशांतून त्यांनी 1995 च्या सुमारास एका कंपनीकडून सागाची पाच झाडे ‘विकत’ घेतली. प्रत्येक झाडाला सोनेरी कडेचे प्रमाणपत्र मिळाले. वीस वर्षांनी त्या झाडांतून माझ्या बहिणीचे लग्न व्हायचे होते. दोन वर्षांत कंपनीचे ऑफिस बंद झाले. आप्पा तीनदा जाऊन कुलूप बघून आले, चौथ्यांदा गेले नाहीत. ती पाच प्रमाणपत्रे अजून आमच्या लोखंडी पेटीत आहेत.

असल्या कंपन्यांचे त्या काळी पेवच फुटले होते. अखेर 1997 मध्ये सरकारने त्यांना शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या कक्षेत आणायचे ठरवले आणि 1999 मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम आले. अनेकांचा पैसा एकत्र करून, तो स्वतः सांभाळून नफा देतो म्हणणाऱ्याला सेबीची नोंदणी लागते. वाशीतल्या त्या गृहस्थांना मी नोंदणी क्रमांक विचारला, तर ‘कार्यक्रमानंतर बोलू’ म्हणाले. जमिनीचेही तसेच. महाराष्ट्रात कूळवहिवाट कायद्याच्या कलम 63 मुळे जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. दहा गुंठ्यांचे स्वप्न विकताना याबद्दल चकार शब्द निघाला नाही. सांगली भागातले, शेतकऱ्यांचे पैसे बुडवणारे 2019 चे कडकनाथ कोंबड्यांचे प्रकरण तर आपल्या वाचकांना आठवत असेलच.

शहरातल्या माणसाने शेतीपासून लांब राहावे, असे मात्र मला मुळीच म्हणायचे नाही. शेतीला पैशाची फार गरज आहे. तो कुठे हवा आहे, हे समजायला आमच्या गावी, जुन्नर तालुक्यात, सप्टेंबरात यावे लागेल.

माझा चुलतभाऊ उन्हाळी कांदा एप्रिलमध्ये काढतो आणि चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, भरतो. चाळ बांबू-पाचटाची, जुनी. मे महिन्यात कांदा टणक, लालसर, पत्तीला चकाकी. सप्टेंबरात चाळ फोडली की आधी वास येतो. मग वहिनी आणि दोघी मजूर बायका खाली बसून निवड करतात. चांगला एका बाजूला, मोड आलेला दुसऱ्या बाजूला, काजळी धरलेला तिसऱ्या. हात घातला तर बोटे रुततात असे कांदे सरळ उकिरड्यावर. गेल्या वर्षी शंभर पिशव्या भरल्या होत्या, विकण्याजोग्या बासष्ट निघाल्या. त्या माळशेज घाटाने मुरबाड-कल्याण करत तुर्भ्याला आल्या. विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात आली, त्यावर गाडीभाडे, हमाली, तोलाई सगळे मांडलेले होते. उकिरड्यावर गेलेल्या अडतीस पिशव्यांचा हिशेब कुठल्याच पट्टीवर येत नाही. बियाणे, खत, पाणी आणि मजुरी तर त्यांनाही तेवढीच लागली होती.

हे एका घराचे झाले. नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या बँकेच्या सल्लागार कंपनीने 2022 मध्ये केलेल्या पाहणीत देशातले काढणीनंतरचे नुकसान वर्षाला दीड लाख कोटी रुपयांच्या वर निघाले. एवढा माल पिकतो, पण ताटापर्यंत पोचत नाही. मला विचाराल तर शेतीतली गुंतवणुकीची सर्वात मोठी संधी याच भोकात आहे: हवा खेळती राहील अशी चाळ, प्रतवारीचे यंत्र, शीतगृह, वाळवणीचा कारखाना. गुजरातेत महुव्याला कांदा वाळवून परदेशी पाठवणारे कारखाने कितीतरी वर्षांपासून उभे आहेत. आमच्याकडचा मोडाला आलेला कांदा पडेल त्या भावाने जातो.

यासाठी केंद्राचा ‘कृषी पायाभूत सुविधा निधी’ 2020 पासून आहे, एक लाख कोटींचा. 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षांपर्यंत 3 टक्के व्याजसवलत आणि सरकारी पतहमी मिळते. शेतकऱ्याबरोबर शेतीपूरक उद्योजकालाही ही योजना लागू आहे, हे ठाण्यातल्या फार थोड्यांना माहीत असते. आमच्याच जिल्ह्यात मुरबाड-शहापूरची भेंडी आखातात आणि युरोपात जाते. सकाळी तोडलेली भेंडी दुपारच्या उन्हात टेम्पोत तापली तर संध्याकाळी तिचे देठ काळे पडते. समृद्धी महामार्ग जून 2025 पासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत आला आहे, न्हावा-शेवा बंदर जवळ आहे. त्या पट्ट्यात गावाजवळ पॅकहाउस आणि प्रीकूलिंगची, म्हणजे माल निवडून बांधण्याची आणि पाठवण्याआधी थंड करण्याची, सोय उभारणाऱ्या तरुणाला माल शोधत हिंडावे लागणार नाही.

प्रश्न उरतो तुमच्या-माझ्यासारख्या पगारदाराचा. मला वीस-पंचवीस हजार रुपये प्रामाणिक शेतकऱ्यांच्या कंपनीत घालायचे असतील तर दार कोणते? शेतकऱ्यांनीच मिळून काढायच्या ‘शेतकरी उत्पादक कंपनी’ची तरतूद कायद्यात 2002 मध्ये आली. तिचे सभासद फक्त उत्पादकच होऊ शकतात. हे योग्यच आहे, नाहीतर शेठजी समभाग घेऊन शेतकऱ्यालाच बाहेर काढतील. पण त्यामुळे भांडवल तोकडे पडते. अशा दहा हजार कंपन्या उभारण्याच्या केंद्राच्या योजनेत समभागाला जोड म्हणून मिळणारे अनुदान जास्तीत जास्त 15 लाख. त्यात शीतगृह उभे राहत नाही. नाशिकजवळच्या मोहाडीच्या ‘सह्याद्री फार्म्स’ने यातून वाट काढली. 2022 मध्ये त्यांनी युरोपातल्या गुंतवणूकदारांकडून 310 कोटी रुपये घेतले, तेही प्रक्रिया करणाऱ्या उपकंपनीत. शेतकऱ्यांची मूळ कंपनी शेतकऱ्यांकडेच राहिली. युरोपातल्या पैशाला जी वाट सापडते ती कोपरखैरण्यातल्या माणसाला का सापडू नये? सेबी आणि नाबार्डने मिळून अशा कंपन्यांसाठी छोट्या रकमेचे, तारण असलेले, लेखापरीक्षण झालेले रोखे काढावेत, अशी माझी मागणी आहे. सरळ वाट नाही म्हणूनच लोक वाशीच्या त्या सभागृहात जातात.

सरकारच्या धोरणाबद्दलही बोलले पाहिजे. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागले, 8 डिसेंबरला निर्यातबंदी आली. बंदी 4 मे 2024 ला उठली ती टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्कासह. शुल्क पूर्ण जायला 1 एप्रिल 2025 उजाडले. वीस महिने! शहरात कांदा महागला की ओरड होते, मीही बाजारात पिशवी घेऊन उभा असतो, मला कळते. पण चाळीस-पन्नास लाखांचे कर्ज काढून साठवणगृह बांधणाऱ्याने हप्ते कोणत्या भरवशावर भरायचे? निर्यातीचे नियम हंगामाच्या आधी जाहीर करावेत आणि हंगाम संपेपर्यंत तेच ठेवावेत. ही एक गोष्ट झाली तर बँकाही हात आखडता घेणार नाहीत.

आपल्या दैनिकाला एक विनंती. मालमत्तेच्या पुरवणीत फार्महाउसच्या जाहिराती पानभर असतात. त्याच पुरवणीत महिन्यातून एकदा ठाणे जिल्ह्यात कृषी पायाभूत सुविधा निधीतून उभ्या राहिलेल्या प्रकल्पांची माहिती द्यावी: कुठे, किती कर्जाचे, कोणत्या अडचणी आल्या, मालाला काय भाव मिळाला. वाचणारे वाचतील आणि त्यातले काही जण शहापूरला जाऊन बघून येतील.

चुलतभावाने आणि गावातल्या अकरा जणांनी नव्या चाळीचा प्रस्ताव बँकेत दिला आहे. स्वतःच्या हिश्शाची रक्कम त्याच्याकडे पुरती नव्हती. दोन लाख मी त्याला बिनव्याजी दिले, घरातलाच आहे म्हणून. बँकेचा माणूस जागा बघून गेला. आता मंजुरीची वाट आहे, आणि ती मार्चअखेर मिळायला हवी, कारण एप्रिलला कांदा शेतातून निघतोच.

आपला,
एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई