डब्यावरचे लेबल तेच, आतली दारू निराळी

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : आपल्या दोन एफ दाण्याच्या काळ्या दारूच्या नव्या डब्यांबद्दल, आणि त्याहून जास्त आपण पाठवलेल्या उत्तराबद्दल तक्रार

महोदय,

दारू म्हणजे बंदुकीची. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पत्र भलत्याच टेबलावर जाऊन पडायचे.

मी ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी भरायच्या, रायफली चालवतो. एक टोपीची, १८५३ च्या एनफिल्ड नमुन्याची, .५७७ ची प्रतिकृती (हिच्या काडतुसांवरून १८५७ मध्ये काय घडले ते वेगळे सांगायला नको). दुसरी चकमकीची, .५० ची, कापडाच्या ठिगळात गुंडाळलेली गोल गोळी खाणारी. दोन्हींना मी बरीच वर्षे आपलीच दारू घालत आलो. ती सर्वांत चांगली होती असे नाही. ती दर वेळी सारखी होती, आणि माझ्यासारख्याला तेवढे पुरते. दारू थोडी मंद असली तर माप जुळवून घेता येते. डब्यागणिक बदलणाऱ्या दारूशी काय जुळवणार?

नव्या मालातला डबा उघडला त्या दिवशी चकमकीची रायफल घेऊन बसलो होतो. पहिले तीन बार झाले. आवाज जरा बसका वाटला, पण हवेवर ढकलले. चौथ्या वेळी गोळी आत सरकवली आणि ठासायचा गज मध्येच थांबला. हाताला वाटले, बसली गोळी दारूवर. माझ्या गजावर खूण केलेली आहे : गोळी दारूला नीट टेकली की ती खूण बरोबर नळीच्या तोंडाशी येते. त्या दिवशी खूण चार बोटे वर राहिली होती. म्हणजे खाली दारू, वर गोळी आणि मध्ये पोकळी. अशा स्थितीत चाप ओढला तर नळी फुगू शकते, फाटू शकते. रंजक (बार पेटवणारी बाहेरची दारू) झाडून टाकले, कानातून, म्हणजे नळीच्या बुडाच्या भोकातून, पाणी सोडून आतली दारू मारली आणि गजाला स्क्रू लावून गोळी उपसून काढली. त्यात सगळी सकाळ गेली. खूण नसती तर काय गेले असते, याचा विचार आपणच करा.

नळीत पाहिले तर काजळीचा कडक, कोरडा थर. काळी दारू जळली की तिच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त भाग घन स्वरूपात मागे राहतो, हे मला माहीत आहे. काजळी धरते ही माझी तक्रारच नाही. पण ती कशी धरते यावर सगळा खेळ असतो. म्हणून पुढच्या दोन आठवड्यांत मी घरातले चार डबे समोर मांडले : आपला नवा, आणि गोएक्स, स्विस व शुट्झन या दुसऱ्या ब्रँडचे. सगळे दोन एफ. गोळी तीच, ठिगळ तेच, तेल तेच. प्रत्येक बार तराजूवर तोलून घेतला आणि डबा बदलताना नळी धुऊन कोरडी केली.

स्विसची काजळी मऊ, ओलसर. दहा बार झाले तरी गोळी अंगठ्याच्या जोरावर निम्मी आत जात होती. हिचा कोळसा बकथॉर्न नावाच्या झुडपाच्या लाकडाचा असतो, आणि स्वित्झर्लंडमधली ओबोनची गिरणी १८५३ पासून, म्हणजे माझ्या रायफलीच्या नमुन्याइतक्याच वर्षांपासून, हेच काम करते आहे. दारू तेज आहे, त्यामुळे इतर दारूचे माप जसेच्या तसे हिला लावायचे नसते. जाणकार थोडे कमी करूनच सुरुवात करतात. जर्मनीच्या वानो कारखान्याची शुट्झन त्या मानाने शांत, काजळी थोडी जास्त, पण प्रत्येक बार आधीच्या बारासारखा. गोएक्सची काजळी कोरडी. चार-पाच गोळ्यांनंतर ओले फडके फिरवावे लागते किंवा नळीत फुंकर घालावी लागते. हे तिचे जुनेच वागणे आहे आणि मला त्याची सवय आहे.

आपली दारू मात्र स्वतःशीच जुळत नाही. डब्याच्या वरच्या थरातली दारू घेतली तर बार एक प्रकारचा, तळाची घेतली तर दुसराच. पांढऱ्या कागदावर ओतून पाहिली तेव्हा कारण कळले. दाणे लहानमोठे, आणि त्यांत इतकी बारीक भुकटी की कागद उचलला तरी काळा डाग राहिला. वाहतुकीत डबा हलतो, भुकटी तळाशी बसते. दोन एफ म्हणजे दाण्याचा ठरावीक आकार, चाळणीने वेगळा केलेला. दाणा बारीक तितका तो लवकर पेटतो आणि दाब लवकर चढतो, हे तुम्हाला मी शिकवावे अशी वेळ यावी याचेच वाईट वाटते. चाळणी फाटली की दाणे नीट दाबले गेले नाहीत की चकाकी द्यायची राहिली, ते तुमच्या कारखान्यात कोणाला तरी माहीत असणारच.

एवढे सगळे मी आपल्याला कळवले होते. त्यावर आलेले उत्तर असे : सगळ्या कंपन्यांची काळी दारू एकाच सूत्राची असते, सोरा ७५, कोळसा १५, गंधक १०, त्यामुळे फरक पडत नाही. बार कमजोर वाटत असेल तर १० ते २० ग्रेन (दारू तोलायचे लहान वजन) वाढवून पाहा.

हे उत्तर वाचून माझा खरा संताप झाला. सूत्र सारखे असले म्हणून दारू सारखी होत नाही. कोळसा कोणत्या लाकडाचा, मिश्रण किती वेळ दळले, किती घट्ट दाबले, दाणा किती काटेकोर चाळला, यावर दारू ठरते. आणि वाढवा म्हणजे काय? एनफिल्डचे मूळ सैनिकी माप अडीच ड्रॅम, म्हणजे सुमारे ६८ ग्रेन. तिच्या गोळीचे बूड पोकळ असते आणि त्याची कड पातळ. दारू वाढवत गेले की ती कड फाकते आणि गोळी वाटेल तिकडे जाते. नेमाचे सोडा. ज्या डब्यात वर एक आणि तळाशी दुसरीच दारू आहे, त्यातून २० ग्रेन जास्त घ्या असा सल्ला देणाऱ्याने कधी हातात गज धरला आहे का, असा प्रश्न पडतो.

तीच गत लेबलावरच्या ‘कोणत्याही ब्रँडच्या मापाने वापरा’ या ओळीची. दारूची घनता ब्रँडप्रमाणे बदलते. पितळी मापात भरली तर माप तेच राहते, वजन बदलते. नव्याने हौस लागलेला माणूस नेमका मापच वापरतो, तराजू नाही. पायरोडेक्ससारखी पर्यायी दारू तर काळ्या दारूपेक्षा हलकी, ती घनफळानेच मोजायची असते, आणि सहज पेट घेत नसल्यामुळे चकमकीच्या बंदुकीत उपयोगाची नाही. इतके फरक असलेल्या जगात ‘कोणत्याही’ हा शब्द छापायला धाडस लागते.

गोएक्सचा लुइझियानातला कारखाना बंद होणार असे २०२१ मध्ये जाहीर झाले, आणि पुढच्या वर्षी तो एस्टेस या कंपनीकडे गेला. हे सगळ्यांना कळले होते, म्हणून आम्ही जुने आणि नवे डबे वेगळे ठेवले, नव्याची मापे नव्याने काढली. कोणाची तक्रार नाही. आपल्याकडे काहीतरी बदलले आहे आणि ते आपण सांगितलेले नाही, एवढाच फरक.

तेव्हा मला बदली डबा नको आणि पैसेही नकोत. या मालात काय बदलले ते लेखी कळवा. त्या लॉटची चाळणीची नोंद पाठवा. ती आपण ठेवत असणारच. ज्या दुकानांत हा माल गेला तिथे सूचना लावा. ‘वाढवून पाहा’ हा सल्ला मागे घ्या, आणि तो आणखी किती जणांना दिला ते शोधून त्यांनाही कळवा. लेबलावरची ती ओळ काढा.

राहिली उरलेली दारू. ‘तपासणीसाठी टपालाने परत पाठवा’ असे आपण लिहिले आहे. काळी दारू साध्या टपालाने पाठवायची वस्तू नव्हे, हे ती बनवणाऱ्याला गिऱ्हाइकाने सांगायचे? डबा बंद करून कोरड्या जागी, कुलपात ठेवला आहे. झाकणावर लाल शाईने ‘वापरू नये’ असे लिहिले आहे. आपला माणूस रीतसर परवान्यासह आला, तर त्याच्या हाती देईन.

आपला,
एक जुना ग्राहक

सोबत : डब्याच्या तळावरील लॉट क्रमांकाचे छायाचित्र, कागदावर पसरलेल्या दारूची दोन छायाचित्रे (वरचा थर व तळ), आपल्या उत्तराची प्रत