कमरेला रिव्हॉल्वर, सराव शून्य

संपादक साहेब, नमस्कार.

दरोड्याची एखादी बातमी आली की आमच्या व्यापारी लोकांच्या व्हॉट्सअप ग्रुपवर लगेच सुरू होतं, लायसन काढा, घोडा (रिव्हॉल्वर) घ्या, मग बघू कोण येतंय. आमचा पेट्रोल पंप आहे, रात्रीची कॅश घेऊन घरी यावं लागतं म्हणून माझ्याकडेही .32 चं रिव्हॉल्वर आहे, तेव्हा मी काही शस्त्राच्या विरोधातला माणूस नाही. पण कमरेला लावलं की झालो सेफ, ही जी समजूत आहे ना, तिची मला चोरापेक्षा जास्त भीती वाटते.

आधी गोळीचंच बघा. 9 एमएम आपल्याला मिळत नाही, ते प्रोहिबिटेड बोर, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेलं गोळीचं माप. मिळतं ते .32, त्याच्या गोळीचा जोर 9 एमएमच्या निम्म्याहूनही कमी. 2014 मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीनं महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ रिव्हॉल्वर काढलं, सव्वा लाखाच्या आसपास किंमत, तेही .32 च. आणि गोळी लागली की माणूस उडून पडतो हे फक्त पिक्चरमध्ये. 1986 मध्ये अमेरिकेत मायामीला एफबीआयच्या आठ एजंटांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली, त्यातल्या एका दरोडेखोराच्या दंडातून 9 एमएमची गोळी छातीत शिरली आणि हृदयाच्या जरा अलीकडे थांबली. जखम जीवघेणीच होती, तरी तो पठ्ठ्या लढत राहिला आणि दोन एजंट मारूनच मेला. मग आपल्या .32 च्या एका गोळीवर किती भरवसा ठेवायचा? गोळी कुठे लागते यालाच सगळी किंमत, आणि ते सरावाशिवाय जमत नाही.

दुसरं म्हणजे वेळ. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी 1983 मध्येच लिहून ठेवलंय की चाकू घेतलेला माणूस 21 फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. 21 फूट म्हणजे आमच्या पंपावर डिझेलच्या मशीनपासून ऑफिसच्या दारापर्यंत. तेवढ्या वेळात शर्ट वर करा, होल्स्टरचं बटण काढा, रिव्हॉल्वर बाहेर, नेम, फायर... करून बघा घरी, रिकाम्या रिव्हॉल्वरनं.

हॅमर (मागचा खटका) न ओढता नुसता चाप दाबायचा तर तो चांगलाच जड लागतो, बोटाबरोबर अख्खा पंजा आवळला जातो, नळी खाली झुकते आणि गोळी टार्गेटच्या पार खाली. हे रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, शांतपणे उभं राहून बरं का, अंधारात छाती धडधडत असताना नाही. याला उपाय ड्राय फायरचा, म्हणजे गोळीशिवाय चाप दाबायच्या सरावाचा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची, चेंबर दोनदा तपासायचे, डमी राऊंड (खोटी काडतुसं) घालायचे आणि साइट, म्हणजे नेम धरायची खूण, हलू न देता रोज थोडा वेळ चाप दाबत बसायचं. कंटाळवाणं आहे, पण फुकट आहे. आमच्यातले बहुतेक जण दसऱ्याला हळदकुंकू लावण्यापुरतंच ते कपाटातून काढतात. आणि कपाटातलं तरी सेफ कुठे, 1 ऑक्टोबर 2024 ला पहाटे कोलकात्याला निघालेल्या गोविंदाच्या पायात त्याच्याच लायसनच्या रिव्हॉल्वरची गोळी घुसली, अख्ख्या महाराष्ट्राने वाचलंय.

कायद्याचंही लोकांना माहीत नसतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपुरताच, पळून चाललेल्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर आपणच आरोपी.

आता सरकारचं. 2016 च्या शस्त्र नियमात लायसनसाठी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट मागितलंय ते ठीक, पण शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनं लायसनची मुदत तीनवरून पाच वर्षं केली आणि मधल्या काळात चाप एकदा तरी दाबला का हे कोणी विचारत नाही. सराव करायचा म्हटलं तर मुंबईत वरळीची नाहीतर पुण्यात बालेवाडीची रेंज, तालुक्याच्या माणसानं जायचं कुठे? काडतुसं महाग, त्यातही लायसनवर लिहिलेला कोटा.

माझं म्हणणं एवढंच, रिन्युअलच्या वेळी रेंजवर नेऊन लोड, अनलोड आणि सात मीटरवरून फायर करून घ्या, जमलं नाही तर लायसन थांबवा. आणि त्यासाठी जिल्हा पोलिसांची रेंज महिन्यातून एक रविवार आम्हाला उघडून द्या, गोळ्यांचे आणि माणसाचे पैसे आम्ही भरतो.

आपला,
एक लायसनधारक वाचक, जि. सातारा