बाबांचं ‘बरं’

तीर्थरूप आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर माझं सगळं सांगून झालं, तेव्हा बाबा फक्त ‘बरं’ म्हणाले आणि फोन आईकडे दिला. बाबांच्या ‘बरं’चे सगळे प्रकार मी ओळखते. आनंदाचं वेगळं असतं, विषय संपवायचं वेगळं. हे तिसरं होतं. तेव्हापासून मनात घोळतंय, म्हणून शेवटी लिहायला बसले. फोनवर मी घाईघाईत बोलते आणि समोरून आवाज आला नाही की पुढचं सुचत नाही.

ठरलेलं आधी सांगून टाकते. राजीनामा दिलाय आणि तो मंजूरही झालाय. अतिदक्षता विभागात नर्स म्हणून माझी 17 वर्षं या महिन्याअखेर संपतील. पुढच्या महिन्यापासून कॉलेजात, पहिल्या वर्षाच्या मुलांना आरोग्य शिकवणार आहे. स्वतःची तब्येत कशी सांभाळायची, आजार होण्याआधीच कसा अडवायचा, हा विषय. दोन सत्रं मी सुट्टीच्या दिवशी जाऊन शिकवतच होते. तेच आता पूर्णवेळ.

पगार कमी होईल, हे दादाने सांगितलंच असेल. पण मी सहा महिने आकडेमोड करून मगच सही केली, हे त्याला माहीत नाही. घराचे हप्ते फिटलेत. तुमच्या औषधांचे आणि तपासण्यांचे पैसे दर महिन्याला येत होते तसेच येतील, ते मी आधीच वेगळे काढून ठेवलेत. बाबा, यावर ‘आमचं आम्ही बघू’ म्हणू नका. रात्रपाळ्या संपतील. आई, तू कितीदा म्हणालीस की माझ्या डोळ्यांखालची वर्तुळं फोटोतसुद्धा दिसतात. आता मी रोज रात्री झोपेन, माणसांसारखी.

माझ्या शिक्षणासाठी तुम्ही काय काय बाजूला ठेवलंत ते मी विसरलेले नाही. निळ्या वहीतलं ते पान अजून डोळ्यांसमोर आहे. शिकलेलं वाया घालवतेय, असं तुम्हाला वाटत असेल, तर एवढंच सांगते की जिथे ते जास्त उपयोगी पडेल तिथे घेऊन चाललेय.

आमच्याकडे पेशंट येतो तेव्हा उशीर झालेला असतो. बाहेर बसलेले नातेवाईक नेहमी एकच वाक्य बोलतात, ‘काल रात्रीपर्यंत तर छान होते हो.’ आणि मला कळत असतं की छान नव्हते. रक्तवाहिन्या दहा-पंधरा वर्षं दाब सोसत होत्या. पण वाढलेला बीपी बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही, आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी डॉक्टरकडे कोण जातं?

आपल्या घरीही तेच झालं. ते परत उगाळायचं नाही असं आपलं ठरलंय, पण एकदाच लिहू द्या. त्या दिवशी सकाळी बाबांच्या उजव्या हातातून कप निसटला, तेव्हा आईला वाटलं की रात्री हात अंगाखाली आला असेल. आई, कुणालाही तसंच वाटलं असतं. तू अजून मधूनच तो विषय काढतेस म्हणून लिहितेय, तुझं काहीच चुकलं नव्हतं. काकूंनी तोंड वाकडं झालेलं ओळखलं आणि हट्ट धरून गाडीत बसवलं, म्हणून आपण वेळेत पोचलो. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं औषध द्यायचं तर लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मला सलतं ते वेगळंच. त्याच रात्री ड्युटीवर मी कितीतरी लोकांचा बीपी मोजला होता. इतक्या वर्षांत घरी आल्यावर बाबांच्या दंडाला एकदाही पट्टा बांधला नव्हता. मागे एकदा बाबा म्हणाले होते, ‘वय झालं की थोडा वाढतोच,’ आणि मी मान डोलावली होती. मी, नर्स असून.

एके काळी डॉक्टरही तसंच समजत. 1948 साली अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात 5,209 स्त्री-पुरुषांवर लक्ष ठेवायला सुरुवात झाली. त्यांना तपासत राहायचं आणि पुढे हृदयाचा आजार कुणाला होतो, कुणाला नाही, हे वर्षानुवर्षं पाहायचं. त्यातून कळलं की वाढलेला बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट हे धोके आजाराच्या कितीतरी आधीपासून माणसात असतात. म्हणजे अडवायला मधली वर्षं हातात असतात. ती वर्षं विशी-तिशीत सुरू होतात, आणि त्या वयात या मुलांना हे सांगणारं कुणीच भेटत नाही.

हे शिकवताना काय होतं ते दाखवते, म्हणजे बाबांना पटेल. गेल्या सत्रात मी मुलांच्या हाताला एक लोशन चोळायला दिलं, साध्या उजेडात न दिसणारं. मग साबणाने हात धुऊन या म्हटलं. सगळे धुऊन आले, म्हणाले अगदी स्वच्छ. खोलीत अंधार केला आणि हात जांभळ्या दिव्याखाली धरायला लावले. तळवे काळेभोर, म्हणजे स्वच्छ. पण नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या आणि अंगठ्याची मागची बाजू, जवळपास प्रत्येकाची, लख्ख चमकत होती. एक मुलगा स्वतःचा अंगठा फिरवून फिरवून बघत राहिला. आणि मला आई आठवली. शाळेतून आले की माझे हात हातात घेऊन तू आधी अंगठा चोळायचीस, मग एकेक बेचकी. मी चुळबुळ करायचे, ‘झालं ना आता’ म्हणायचे. तू काही न बोलता दुसरा अंगठा धरायचीस. आता मी मुलांना सांगते, निदान 20 सेकंद, आणि सुरुवात अंगठ्यापासून. हे मला तू शिकवलंस, हे त्यांना सांगते.

मग सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरची गोष्ट सांगितली. 1847 साली व्हिएन्नामध्ये त्याने डॉक्टरांना बाळंतिणींना तपासण्याआधी क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावलं. एप्रिलमध्ये त्या विभागात 100 बाळंतिणींमागे 18 दगावत होत्या. जूनमध्ये तो आकडा दोनच्या आसपास आला. जंतूंमुळे रोग होतो, हे तेव्हा सिद्धही झालेलं नव्हतं. वर्गात एकदम शांतता पसरली. अतिदक्षता विभागात मी हजार वेळा हात धुतले असतील, पण हात धुण्याचं एवढं मोल मला तिथे कधी जाणवलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बीपी मोजायला शिकवलं. एका मुलाचा 148/94 आला. एकोणीस वर्षांचा, खेळणारा. धावत वर आला होता, म्हणून तो आकडा धरला नाही. पाच मिनिटं शांत बसवलं, पुन्हा मोजला. नंतर आणखी दोन वेगवेगळ्या दिवशी. दर वेळी 140/90 च्या वरच. डॉक्टरकडे पाठवला, तपासण्या झाल्या, आता तो त्यांच्या देखरेखीखाली आहे. बाबा, त्याच्या दंडाला पट्टा बांधताना मला तुमचा दंड दिसत होता. नोकरी सोडायचं मी त्या दिवशी ठरवलं. तुम्हाला सांगायला मात्र इतके महिने लावले, त्याबद्दल माफ करा. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत घरात दुसरी काळजी नको, असं मनात होतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती इतकी वर्षं सांगितली नव्हती. एक मुलगी वर्ग संपल्यावर थांबली. छातीत धडधडतं म्हणाली. ईसीजी वगैरे सगळं व्यवस्थित होतं. बोलता बोलता कळलं की चार महिने घरी गेलेली नाही, रात्री तीनपर्यंत जागी असते आणि घरी मात्र ‘मजेत आहे’ असं सांगते. मी तिला समुपदेशकांकडे घेऊन गेले, दाराशी बसून राहिले. तुम्हाला माझी पहिल्या वर्षातली पत्रं आठवतात? प्रत्येक पत्रात ‘मी मजेत आहे’ असायचं. नव्हते. रोज रात्री उशीत तोंड खुपसून रडायचे. आता वाईट वाटून घेऊ नका, तेव्हा कळलं असतं तर बाबा रातोरात निघाले असते, म्हणूनच लिहिलं नाही. पण त्या वेळी वर्गात उभं राहून कुणीतरी सांगायला हवं होतं की मन आजारी पडणं हेही आजारी पडणंच आहे, आणि त्यालाही इलाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1948 पासूनच्या घटनेत आरोग्याच्या व्याख्येतच शरीराबरोबर मन आणि समाजातलं स्वास्थ्य आहे. आजार नाही म्हणजे आरोग्य आहे असं नव्हे, हे तिथे स्पष्ट लिहिलंय. मुलांकडून मी ते वाक्य पाठ करून घेत नाही, पण पहिल्या तासाला तेवढंच बोलते.

झोपेवरून मुलं माझ्याशी भांडतात. त्यांना वाटतं जागरण केलं की अभ्यास जास्त होतो. वाचलेलं झोपेतच पक्कं होतं, हे पटवायला वेळ लागतो. अठराव्या वर्षापर्यंत 8 ते 10 तास आणि पुढे निदान 7, एवढी झोप शरीराला लागतेच. संध्याकाळी घेतलेल्या कॉफीतलं कॅफीन पाच-सहा तासांनीही साधारण निम्मं अंगात असतं, हे ऐकून मात्र सगळे वहीत लिहून घेतात. बाबा, बारावीत तुम्ही रात्री दहाला दिवा बंद करायचात आणि मी दोन-दोन दिवस तुमच्याशी बोलायचे नाही. तुमचं बरोबर होतं.

आता जरा माझं ऐकायचं. बीपीचं मशीन कुरियरने पाठवलंय, दंडाला बांधायचं. सकाळी गोळी घेण्याआधी मोजायचा. त्याआधी अर्धा तास चहा नाही, लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर, शर्टाच्या बाहीवर नाही. मोजताना बोलायचं नाही. आई, तूही त्यांच्याशी बोलायचं नाहीस, आणि त्यांचं झालं की तुझाही मोजायचा. आकडा चांगला आला म्हणून गोळी बंद करायची नाही. तो गोळीमुळेच चांगला आलेला असतो.

मीठ दिवसभरात सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. ताटात वरून घ्यायचं बंद. खणात उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांची पाकिटं आहेत, ती मी पाहिली आहेत. सर्दी बहुतेक वेळा विषाणूने होते, त्यावर त्या गोळ्या काहीच करत नाहीत. उलट खऱ्या गरजेच्या वेळी जंतू त्यांना दाद देईनासे होतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने 1945 मध्येच ही धोक्याची सूचना दिली होती. मनानेच काही घेऊ नका, दुसऱ्याला देऊही नका. फ्लूची लस दरवर्षी घ्यायची, न्यूमोनियाच्या लसीचं डॉक्टरांना विचारायचं. वयानुसार तहान कमी लागते, म्हणून पाणी आठवणीने प्यायचं, पण बाबांना किती चालेल ते डॉक्टरांना विचारून. मोरीकडे जाताना लागणारं पायपुसणं काढून टाका, घसरतं ते, आणि रात्री तिथे छोटा दिवा राहू द्या. चालणं चालू आहे, ते छानच आहे, फक्त आठवड्यातून तीनदा भिंतीला धरून एका पायावर उभं राहायचं. तोल सांभाळायची सवय राहिली की पडायची भीती कमी होते. दोघांनी एकत्र करा, एकाने दुसऱ्याकडे लक्ष ठेवायचं.

खूप हुकूम सोडले ना? रागावू नका. दूर बसून मला एवढंच करता येतं, आणि आधी करायला हवं होतं ते राहून गेलंय.

पहिलं सत्र संपेपर्यंत मला निघता येणार नाही, दिलेला शब्द या वेळी मोडतेय. पण नंतर सलग तीन आठवडे सुट्टी आहे, 17 वर्षांत पहिल्यांदा. माझं अंथरूण आतल्या खोलीत नको, तुमच्या खोलीतच टाका.

एक मागणं आहे, बाबा. बीपीचे आकडे मशीनमध्ये साठतात, तरी ते तुम्ही वहीत लिहा, उजव्या हाताने. वाढदिवसाच्या कार्डावरची तुमची सही पाहिली. शेवटचं अक्षर अजून खाली घसरतंय, पण पहिली दोन अगदी पूर्वीसारखी आली आहेत. मी बराच वेळ त्यावरून बोट फिरवत बसले होते. दर रविवारी आईला त्या पानाचा फोटो पाठवायला सांगा. फोटो मिळाला की मी फोन करेन. तेव्हा फोन लगेच आईकडे देऊ नका.

तुमची,
मनू