रविवारच्या स्वगतांना हात लावलेल्या सगळ्यांना थँक्यू

रविवारी आमच्या गल्लीतल्या मांडवात आम्ही तिघींनी स्वगतं केली ना, ती पार पडली ती तुमच्यामुळे, आणि गडबडीत निम्म्या लोकांची नावं विचारायचीच राहिली म्हणून इथे लिहितेय.

वडापावच्या गाडीवाले दादा, पहिला थँक्यू तुम्हाला. 1848 ची सावित्रीबाई भिडेवाड्यातल्या शाळेकडे निघालीये, अंगावर शेण पडतंय, आणि ऐन तेव्हा माईक गेला! तुम्ही गाडी सोडून वायर घेऊन धावलात, हाताला बेसन तसंच.

दुसरं स्वगत भाड्याने घर शोधणाऱ्या मुलीचं, ज्यात फोनवर सगळं ठरतं आणि शेवटी "आडनाव काय म्हणालात?" येतं, त्यावर मागून कोणीतरी हसलं, मला वाटलं संपलं आता. पण पुढच्या खुर्चीतल्या निळ्या साडीतल्या आजी उठल्या आणि म्हणाल्या, माझ्या सासूने कामवालीचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला, तो अजून तिथेच आहे, मीच ठेवलाय. आजी, हे सगळ्यांसमोर बोलायला काय लागतं ते आम्हाला तालमीत नाही जमलं (तिसरं स्वगत मग आम्ही केलंच नाही, गरजच नव्हती). त्यानंतर दीड तास लोक आपापल्या घरातलं बोलत होते, भांडलेसुद्धा थोडे.

सतरंज्या उचलणाऱ्या पोरांनो, लव्ह यू. आणि चहाची किटली ज्या ताईंची आहे त्यांनी घेऊन जा, झाकण सापडलंय.